गोड आवाज बाजूला ठेव: सेइयू व्हायला निघालेल्या मुलीला उत्तर

प्रश्न असा आहे: साताऱ्याची मुलगी, वय २०, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. जपानी भाषेची एन४ परीक्षा पास, एन३ची तयारी चालू. ती विचारते, "सगळे म्हणतात माझा आवाज गोड आहे. मला जपानला जाऊन ॲनिमेची, म्हणजे तिथल्या कार्टून मालिकांची, सेइयू व्हायचंय, म्हणजे पात्रांना आवाज देणारी कलाकार. तिथल्या सेइयू मेगुमी हायाशिबारा माझं दैवत. हे करिअर प्रत्यक्षात कसं असतं? पैसे किती मिळतात? आपल्याकडच्या मुलीला तिथे दार उघडतं का? बाबा म्हणतात, आधी डिग्री, मग हे खूळ."

मी २६ वर्षं मुंबईत डबिंग करते आहे, त्यातली शेवटची १२ वर्षं डबिंग दिग्दर्शनही. जपानी शिकले पुण्यात, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये. टोकियोला तीनदा जाऊन आले आणि तिथे एकदा एका स्टुडिओत काचेमागे बसून अख्ख्या भागाचं रेकॉर्डिंग बघायला मिळालं. सेइयू मी नाही, पण काम त्याच जातीचं करते. तेव्हा जे माहीत आहे ते सगळं सांगते. उत्तर लांबेल.

आधी तो गोड आवाज बाजूला ठेव. तुझ्या मूळ पत्रात तो तीनदा आलाय, म्हणून म्हणते. 'सेइयू' हा शब्द दोन कांजी, म्हणजे जपानी लिपीतली दोन अर्थचिन्हं, मिळून होतो. पहिलीचा अर्थ आवाज. दुसरी येते ती नट-नटी या अर्थाच्या 'हाइयू' या शब्दातून. म्हणजे शब्दातच अर्धी नटी बसलेली आहे. लोकांच्या कानावर पहिली कांजी पडते, पोट भरते ते दुसरीवर.

नोबुयो ओयामांचं उदाहरण घे. १९७९ ते २००५, अशी २६ वर्षं त्या डोरेमॉनचा आवाज होत्या. आपल्याकडची पोरं डोरेमॉन हिंदीत बघत मोठी झाली, त्यामुळे मूळ आवाज फार थोड्यांनी ऐकला असेल. तो जरूर ऐक. जाडसर, घोगरा आवाज आहे. शाळेत त्यांना त्यावरून चिडवायचे. बोलणंच नको असं त्यांना वाटायला लागलं, तेव्हा आईने सांगितलं की आवाज लपवू नकोस, वापर. म्हणून त्या शाळेच्या प्रसारण मंडळात गेल्या. त्याच घोगरेपणावर पुढे जपानच्या दोन पिढ्या वाढल्या. २०२४ साली त्या गेल्या, तेव्हा मी घरी बसून जुने भाग लावले. एकाही वाक्यात मला 'गोड' काही सापडलं नाही आणि एकही वाक्य खोटं वाटलं नाही.

आता तुझ्या हायाशिबारांकडे येते. त्यांची वाट बारकाईने बघ, कारण तुझ्या बाबांच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

मेगुमी हायाशिबारांचा जन्म १९६७चा, टोकियोतला. शाळा संपल्यावर त्यांनी नर्सिंगला प्रवेश घेतला आणि त्याच सुमारास 'आर्ट्स व्हिजन' या एजन्सीच्या प्रशिक्षणासाठी निवड चाचणी दिली. दोन्हीकडे निवड झाली आणि त्यांनी दोन्ही केलं. वॉर्डातली ड्युटी, परीक्षा, शरीरशास्त्राची घोकंपट्टी, आणि त्यातून वेळ काढून अभिनयाचे वर्ग. नर्सिंग पूर्ण केलं, परवाना हातात घेतला, आणि मगच पूर्ण वेळ माइकसमोर उभ्या राहिल्या. पहिलं काम मिळालं १९८६ साली, 'मेझोन इक्कोकु' या मालिकेत. कसलं काम? बालवाडीतल्या मुलांपैकी एक मूल. गर्दीतला एक आवाज.

१९८९ साली 'रान्मा ½' आली. त्यात पाणी पडलं की मुलगा मुलगी होतो. मुलगा रान्मा काप्पेइ यामागुचींचा, मुलगी रान्मा हायाशिबारांची. विचार कर, ही मुलगी आतून मुलगाच आहे. तिला लाडिक बोलून चालत नाही. आवाज मुलीचा, पण रग, भांडण, अहंकार सगळं एका १६ वर्षांच्या पोराचं. पुढे १९९५ साली एकाच वर्षात त्यांनी दोन कामं केली, ती दोन्ही पाठोपाठ ऐकायला मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला लावते. 'स्लेयर्स'मधली लीना इन्व्हर्स बडबडी, खादाड, सतत ओरडणारी. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सुरू झालेल्या 'इव्हँगेलिऑन'मधली रेइ आयानामी, जिच्या तोंडून शब्द जेमतेम बाहेर पडतात. दिग्दर्शक हिदेआकी आन्नोंनी त्यांना समजावलं होतं की या मुलीला भावना नाहीत असं नाही, तिला त्या अजून माहीतच नाहीत. यावर नवशिकी नटी काय करेल? आवाज सपाट करेल, यंत्रासारखा. हायाशिबारांची रेइ सपाट नाही. तिच्या वाक्यांच्या शेवटी काहीतरी अर्धवट राहतं, जणू पुढचा शब्द तिला शिकवलेलाच नाही. नंतर रेइची नक्कल शेकड्यांनी झाली, पण बहुतेकांनी सपाटपणा उचलला, ते अर्धवट राहणं उचललं नाही.

पुढची यादी तुला पाठ असेल. १९९७ साली पोकेमॉनमधली मुसाशी, जिला आपण जेसी म्हणून ओळखतो. १९९८ साली 'काउबॉय बीबॉप'मधली फे व्हॅलेंटाइन, १९९९ पासून 'डिटेक्टिव्ह कोनान'मधली आइ हाइबारा. सोबत गाण्यांचे अल्बम आणि रेडिओ. 'टोकियो बूगी नाइट' हा त्यांचा कार्यक्रम १९९२ साली सुरू झाला आणि दशकं चालला. मध्ये लग्न झालं, मुलगी झाली.

पण मला सगळ्यात जास्त हलवणाऱ्या गोष्टी अलीकडच्या आहेत. २०२१ साली इव्हँगेलिऑनचा शेवटचा चित्रपट आला, तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या. रेइ अजून १४चीच. २०२४ साली 'रान्मा ½' नव्याने निघाली आणि ३५ वर्षांनी मुलगी रान्मासाठी पुन्हा त्यांनाच बोलावलं. यामागे नुसता शाबूत राहिलेला गळा नाही. पस्तीस वर्षं ही बाई वेळेवर आली, तयारी करून आली, सोबतच्यांना सांभाळून घेतलं, म्हणून तिला पुन्हा बोलावलं गेलं. माझ्या दृष्टीने या करिअरचं मोजमाप तेच आहे: पुन्हा बोलावतात का.

आता वाट. सर्वसाधारणपणे मुली एकतर 'सेनमोन गाक्को'त जातात, म्हणजे दोन वर्षांचं व्यावसायिक महाविद्यालय, किंवा 'योसेइजो'त, म्हणजे एजन्सीशी जोडलेल्या प्रशिक्षण वर्गात. सेनमोन गाक्को रोज भरतं आणि महाग असतं, वर्षाला साधारण १० लाख येनच्या वर. योसेइजो बहुधा आठवड्यातून एक-दोनदा. पायऱ्यापायऱ्यांनी वर्ग, दरवर्षी चाळणी. शेवटी एजन्सीत घेण्यासाठीची चाचणी. घेतलं तरी लगेच पक्कं नाही. आधी 'आझुकारी', म्हणजे ठेव म्हणून ठेवल्यासारखं, मग कनिष्ठ, मग पक्की सदस्य. प्रत्येक पायरीवर मुली गळतात. अगदी थोड्या पुढे जातात आणि त्यातल्याही सगळ्या नावारूपाला येत नाहीत. एजन्सीशिवाय मात्र जवळजवळ काहीच हलत नाही, कारण भूमिकेच्या चाचण्यांची बोलावणी एजन्सीकडे येतात आणि कुणाचा नमुना पाठवायचा ते एजन्सी ठरवते. तू कितीही चांगली असलीस, तरी एजन्सीच्या आतल्या चाळणीतून तुझं नाव पुढे गेलं पाहिजे. हे कटू आहे, पण आधीच माहीत असलेलं बरं.

मी पाहिलेलं रेकॉर्डिंग सांगते, म्हणजे रोजचं काम डोळ्यासमोर येईल. तिथे त्याला 'आफुरेको' म्हणतात. आपल्याकडे डबिंगला मी बूथमध्ये एकटी असते. कानात मूळ संवाद, समोर पूर्ण झालेलं चित्र. तिथे एका खोलीत १५ जण होते. भिंतीला लागून बाकं, समोर पडदे, मध्ये चार माइक. पडद्यावर चित्रं अर्धीमुर्धी, काही ठिकाणी नुसत्या पेन्सिलच्या रेघा, तर काही ठिकाणी फक्त पात्राचं नाव झळकतं. नाव दिसतंय तेवढ्या वेळात वाक्य संपवायचं. चेहरा नाही, ओठ नाहीत, आणि त्यात अभिनय करायचा.

माइक चार आणि माणसं पंधरा, त्यामुळे ज्याची पाळी त्याने पुढे यायचं, वाक्य म्हणायचं आणि मागे सरकायचं. पावलांचा आवाज नाही, कपड्यांची सळसळ नाही. पोट गुरगुरू नये म्हणून आधी थोडं खाऊन येतात. माझ्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. मी काचेच्या अलीकडे होते, तरी दारातच काढून पर्समध्ये ठेवल्या. सगळ्यांकडे संहितेचं चोपडं, उभ्या ओळींत छापलेलं, वर दृश्याचं वर्णन आणि खाली संवाद. पान उलटताना ते चोपडं माइकपासून थोडं लांब नेऊन दोन बोटांत कोपरा धरून असं उलटतात की काचेमागे माझ्या हेडफोनमध्ये काहीही आलं नाही. मुंबईत परत आल्यावर मी ते आठवडाभर करून पाहिलं. जमत नव्हतं.

दाराशी सगळ्यात नवी मुलगी बसली होती. नवख्यांनी दाराजवळ बसायचं आणि ज्येष्ठांसाठी ते जड दार उघडायचं, अशी तिथली रीत. तिला त्या भागात एकच वाक्य होतं. हॉटेलातली वाढपीण: "ओमातासे शिमाशिता", म्हणजे, थांबायला लागलं, माफ करा. पुढच्या दोन माइकवर दोन नट भांडणाच्या भरात. ती मागून आली, चौथ्या माइकवर वाक्य म्हणाली आणि मागे गेली. ध्वनिदिग्दर्शकांनी थांबवलं. भूमिकांची निवड आणि संवादांचं दिग्दर्शन हेच बघतात. त्यांनी शांतपणे विचारलं, कप कुठे ठेवतेयस? ती गोंधळली. ते म्हणाले, टेबल तुझ्यापासून किती लांब आहे, आणि ते दोघं भांडतायत हे तुला ऐकू येतंय ना?

पुढच्या वेळी तिने तेच वाक्य म्हटलं आणि मी खुर्चीत ताठ झाले. आवाज अर्धा झाला होता. 'ओमातासे'नंतर केसाएवढा अडखळा होता, भांडणाकडे लक्ष गेल्याचा. शेवट घाईत, कप ठेवून निघून जाण्याचा. एक वाक्य, आणि हॉटेल उभं राहिलं. नंतर तीच मुलगी 'गाया'त होती. गाया म्हणजे मागचा कलकलाट, बाजार, शाळा, रेल्वे स्टेशन. नवखे सगळे मिळून करतात, आणि प्रत्येकाने ठरवायचं असतं की मी या बाजारात कोण. ती भाजी विकत होती. भाव स्वतःच ठरवला होता.

म्हणून मी तुला सांगते की बोलण्याच्या आधी ऐकणं येतं. ती मुलगी समोरच्या भांडणाला ऐकून बोलली. हायाशिबारा बालवाडीतल्या पोरांच्या कलकलाटातून हेच शिकत वर आल्या. करोनाच्या काळात रेकॉर्डिंग तीन-चार जणांच्या छोट्या गटांत व्हायला लागलं आणि अनेक ज्येष्ठांनी हळहळ व्यक्त केली की नव्या मुलांना मागच्या बाकावर बसून थोरांना बघायला मिळत नाही. ती हळहळ मला पटते. माझा स्वतःचा अर्धा अभ्यास मागच्या बाकावरच झाला.

पैशाचं स्पष्ट सांगते. जपानच्या नट संघटनेने ठरवलेली श्रेणीपद्धत आहे. सर्वांत खालच्या, कनिष्ठ श्रेणीला ३० मिनिटांच्या एका भागाचे १५,००० येन, म्हणजे आपले साडेआठ-नऊ हजार रुपये. एक वाक्य असो वा शंभर, तेवढेच. श्रेणी वाढत वाढत ४५,००० पर्यंत जाते आणि त्याच्यावर ज्याचा त्याचा ठरलेला दर. त्यातून एजन्सीचा हिस्सा जातो, साधारण २० ते ३० टक्के. समज, तुला एका मालिकेत दर आठवड्याला काम मिळालं, आणि ते नवखीसाठी भाग्यच, तर महिन्याचे ६०,००० येन झाले, कपातीच्या आधी. टोकियोत एका खोलीचं भाडंच साधारण तेवढं असतं. आणि मालिका १२-१३ भागांत संपते. पुढचे तीन महिने काय? म्हणून नवख्या मुली दुकानांत, कॅफेत, कॉल सेंटरमध्ये अर्धवेळ काम करतात. आणि तेही असं की चाचणीचं बोलावणं आदल्या दिवशी आलं तरी सुट्टी मिळेल. 'सेलर मून' मालिकेतली नायिका उसागी म्हणून जगभर पोचलेल्या कोतोनो मित्सुइशी सुरुवातीला इकेबुकुरोच्या सनशाइन ६० इमारतीत लिफ्टमध्ये उभ्या राहून मजले पुकारायच्या. मला तर त्यात कमीपणा सोड, अभिमानच वाटतो. दिवसभर नीट, स्पष्ट आणि हसून बोलण्याचा सराव झाला की!

जे दर आहेत तेही आपोआप आलेले नाहीत. १९७३ साली या कलाकारांनी काम बंद ठेवून रस्त्यावर मोर्चा काढला, तेव्हा कुठे मोबदला भरीव वाढला. अलीकडे २०२३च्या ऑक्टोबरात नवी कर-बीजक, म्हणजे कराच्या पावत्यांची, पद्धत लागू झाली. त्याआधी कमी उत्पन्नाच्या कलाकारांवर बोजा पडेल म्हणून सेइयूंनीच गट करून विरोध केला होता. श्रेणी वाढण्यातही एक पेच आहे. तू वरच्या श्रेणीत गेलीस की महाग होतेस. छोट्या भूमिकेला निर्माता स्वस्तातली नवखी घेतो आणि मोठ्या भूमिकेला नावाजलेली. मधल्या बायका मधेच अडकतात. चौथ्या-पाचव्या वर्षी, पहिलं कौतुक ओसरल्यावर, खरी परीक्षा तिथे असते. जरा बरा पैसा बहुतेकींना ॲनिमेबाहेर मिळतो: निवेदन, जाहिराती, व्हिडिओ गेम.

गेमवरून माझी एक गोष्ट सांगते. २००९ साली एका गेमसाठी मी लढाऊ बाईचा आवाज दिला. मार लागला, जास्त लागला, जळून मेली, उंचावरून पडली, असं सलग तीन तास किंचाळणं. मध्ये थांबायला कुणी सांगितलं नाही आणि मीही मागितलं नाही. कच्चं वाटू नये म्हणून गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी आवाज गेला. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी स्वरतंतूंवरच्या गाठी दाखवल्या. पाच आठवडे घरात पाटीवर लिहून बोलले. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची, तिला वाचता येत नव्हतं. ती पाटी हातात घ्यायची आणि मी चित्रं काढायची. म्हणूनच माझ्या दिग्दर्शनाखाली किंचाळ्या नेहमी शेवटी घेतल्या जातात आणि दर २० मिनिटांनी पाणी दिलं जातं. जपानमधल्या शहाण्या ध्वनिदिग्दर्शकांचीही हीच पद्धत आहे, ओरडण्याचं शेवटी. तुझ्यावर वेळ आली तर तोंड उघडून विश्रांती माग.

बाई म्हणून या धंद्यात काय वाट्याला येतं, तेही ऐक. चांगली बाजू अशी की मुलांच्या भूमिका पहिल्यापासून बायकांच्याच आहेत. १९६३च्या पहिल्या जानेवारीला 'ॲस्ट्रो बॉय' सुरू झाली, त्यातला लोखंडी मुलगा मारी शिमिझूंचा होता. खऱ्या मुलाचा आवाज फुटतो, बाईचा राहतो. मासाको नोझावांचा जन्म १९३६चा, आणि १९८६ पासून त्या 'ड्रॅगन बॉल'चा नायक गोकू आहेत, शिवाय गोकूची मुलंही त्याच. मायुमी तानाका १९९९ पासून 'वन पीस'मधला लुफी. मिदोरी कातो १९६९ पासून 'साझाए-सान' या मालिकेतली साझाए, एकाच मालिकेत एकच भूमिका सर्वांत जास्त काळ केल्याचा गिनेस विक्रम त्यांच्या नावावर आहे. आपल्या रंगभूमीवर, पडद्यावर चाळिशीनंतर बाईला आईची कामं येतात. तिथे आजी झालेली बाई जगाला वाचवणारा पोरगा असू शकते. हे मला फार मोठं वाटतं.

दुसरी बाजू अशी की गेल्या तीस वर्षांत तरुण सेइयूंकडून गाणं, नाच, फोटो, चाहत्यांचे मेळावे हे सगळं अपेक्षिलं जातं. हायाशिबारांच्या पिढीने त्याची सुरुवात केली आणि नाना मिझुकींनी शिखर गाठलं. एहिमे प्रांतातल्या निइहामा गावची, वडिलांनी लहानपणापासून एन्का, म्हणजे जुन्या वळणाची जपानी भावगीतं, गायला शिकवलेली ही मुलगी २००९ साली 'कोहाकु' या वर्षअखेरीच्या मोठ्या गाण्यांच्या कार्यक्रमात आणि २०११ साली टोकियो डोम या भल्यामोठ्या स्टेडियममध्ये गायली. तू त्या वाटेने जाऊ शकशील की नाही ते मला ठाऊक नाही. एवढंच सांगते की त्यासाठी तारुण्य हेच भांडवल मानलं जातं, आणि ते भांडवल दरवर्षी आटतं. भूमिकांचं भांडवल मात्र वाढतं. आणि शरीर आहे. १९९३ साली मित्सुइशी आजारी पडल्या आणि सेलर मूनचे काही भाग काए आराकींना करावे लागले. मालिका कुणासाठी थांबत नाही. मित्सुइशी परत आल्या हे महत्त्वाचं.

आता भाषा. इथे तुझं मराठीपण तुझ्या बाजूने आहे. 'त्सुनामी' हा शब्द भारतभर 'सुनामी' होतो, कारण बहुतेकांच्या जिभेला तो पहिला आवाज सापडत नाही. आपल्याला 'चाक'मधला, 'चमचा'मधला च जन्मतः येतो. तोच तो. तसाच 'जाड'मधला ज. जुन्या धाटणीच्या निवेदकांच्या तोंडी शब्दाच्या मधला 'ग' नाकातून येतो, 'कागामी' (आरसा) जवळजवळ 'काङामी' ऐकू येतो. आपल्या बाराखडीत तो ङ बसलेलाच आहे, फक्त कुणी वापरत नाही. 'देसु'चा शेवटचा उकार गिळणं तुला जड जाणार नाही, आपणही 'घर'मधला शेवटचा अ गिळतोच.

अडणार ते सुरांशी. 'हाशि' म्हणताना आधी वर, मग खाली गेलीस तर जेवायच्या काड्या. खालून वर गेलीस तर पूल. पाऊस आणि खाऊची गोळी, दोन्ही 'अमे', फरक चढ-उताराचा. आपण मराठीत जोर देऊन बोलतो, तिथे जोर नको, उंची हवी. एनएचके या जपानी प्रसारण संस्थेचा उच्चारकोश मिळव आणि शब्द शिकतानाच त्याची चढण शिक. आणि मात्रा सांभाळ. 'ओबासान' म्हणजे काकू, 'ओबाआसान' म्हणजे आजी. 'किते' म्हणजे ये, 'कित्ते' म्हणजे टपालाचं तिकीट. जपानी माणूस हे टाळ्या वाजवून मोजतो, तूही मोज. पुण्यातली एन१, म्हणजे सगळ्यात वरची परीक्षा, झालेली मुलं कंपनीच्या बैठकीत उत्तम बोलतात, पण संहिता हातात आल्याबरोबर न अडखळता, अर्थ लावत, भूमिकेत शिरून वाचणं ही वेगळी गोष्ट आहे. तिथे तुझी स्पर्धा ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांच्याशी.

बाहेरच्या मुलीला दार उघडतं का? अरुंद आहे, पण उघडलेलं मी पाहिलंय. रशियातल्या नोव्होसिबिर्स्कहून आलेल्या जेन्या तिथे सेइयू झाल्या. शांघायच्या लियू 'लव्ह लाइव्ह! सुपरस्टार!!'मध्ये २०२१ साली मुख्य मुलींपैकी एक झाल्या, आणि भूमिकाही शांघायहून आलेल्या मुलीचीच होती. दोघींनी आपलं परकेपण लपवलं नाही, कामाला लावलं. व्यवहाराचं सांगायचं तर आठवड्यातून एकदा भरणाऱ्या योसेइजोवर विद्यार्थी व्हिसाची आशा धरू नकोस. त्यासाठी भाषाशाळा किंवा सेनमोन गाक्को लागतं. विद्यार्थी म्हणून आठवड्याला २८ तासच काम करता येतं. त्या २८ तासांत भाडं आणि जेवण बसतं का, त्याचा हिशोब कागदावर मांडून बाबांना दाखव. शिक्षण संपल्यावर राहायचं कशाच्या जोरावर, हा खरा प्रश्न येईल, आणि तिथे डिग्री लागते. भाषांतर, दुभाषी, आयटी, कशाचीही नोकरी हातात असली तर तू टोकियोत थांबू शकतेस आणि संध्याकाळी वर्गाला जाऊ शकतेस. हायाशिबारांकडे नर्सिंगचा परवाना होता. बाबा तशाच परवान्याबद्दल बोलतायत, फक्त त्यांना हायाशिबारांचं नाव माहीत नाही. त्यांना सांग.

तोवर साताऱ्यात बसून करण्यासारखं भरपूर आहे. कॉलेजच्या एकांकिकेत जा, नायिका नको मागूस, जमावात उभी राहा. आकाशवाणीच्या सातारा केंद्रावर निवेदकांची आवाज चाचणी निघाली की बस. 'चटईला टाचणी टोचली' रोज म्हण. जोडीला 'उइरो-उरी' पाठ कर. १८व्या शतकातल्या काबुकी नाटकातलं औषधविक्याचं लांबलचक भाषण आहे ते, आणि आजही सेइयूंच्या वर्गात जिभेच्या व्यायामाला तेच देतात. पण भरधाव म्हणू नकोस. तो माणूस औषध विकतोय, समोर गिऱ्हाईक उभं आहे, ते धरून म्हण. आणि उन्हाळ्यात आठ दिवस मुंबईला ये, एखाद्या डबिंग स्टुडिओत मागे बसून बघ. हिंदीत, मराठीत आता ॲनिमेचं काम इथेही येतं. इथे उभं राहायला आवडतं का ते आधी कळू दे.

येण्याआधी मला एक रेकॉर्डिंग पाठव. फोनवर केलेलं चालेल. "चहा आणलाय", एवढंच वाक्य, तीनदा. एकदा शेजारी बसून पेपर वाचणाऱ्या बाबांना. एकदा अंगणात गाडी पुसत असलेल्या बाबांना, स्वयंपाकघरातून. आणि एकदा ते झोपले आहेत की जागे, हे तुला माहीत नसताना, दाराशी उभी राहून.